फरसबीच्या चौदा बरण्या

ऑगस्ट लागला की आमच्या कार्यालयात लोक प्रेशर कॅनरची, म्हणजे भाजीच्या बरण्या दाबाखालच्या वाफेत तापवून टिकवायच्या मोठ्या भांड्याची झाकणं घेऊन यायला लागतात. गाव युटा राज्यातलं प्रोव्हो, काम राज्य विद्यापीठाच्या विस्तार सेवेचं. शेती, बाग आणि घरच्या घरी अन्न टिकवणं यांबद्दल विचारायला येणाऱ्याला तपासून घेतलेली माहिती द्यायची. १९१४ च्या कायद्यानं ही सेवा अमेरिकेत काउंटी-काउंटीपर्यंत पोचवली. कॅनरच्या झाकणावर काट्याचा दाबमापक असेल, तर तो दरवर्षी हंगामाआधी तपासून घ्यावा लागतो. काही मिनिटांचं काम. त्या सोमवारी मात्र एका झाकणापायी दुपार उलटून गेली.

जोडपं विशीतलं. दोघंही ब्रिगहॅम यंग विद्यापीठात, तो मेकॅनिकल इंजिनिअरिंगला आणि ती नर्सिंगला. चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, म्हणजे बाहेरचे लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात, त्यांचं हे विद्यापीठ. इथे शिकता शिकता लग्न होण्याचं कुणाला नवल वाटत नाही. मुलगे दोन वर्षं आणि मुली दीड वर्ष मिशनवर, म्हणजे धर्मप्रसाराला, जाऊन येतात. तेवढ्या काळात शिक्षण बंद, नोकरी बंद, लग्नाचं बोलणंही बंद. परत आल्यावर पुष्कळजण लवकर संसार मांडतात. या दोघांचा विवाह गावातल्याच सिटी सेंटर टेंपलमध्ये झालेला. २०१० च्या आगीत जळालेल्या जुन्या प्रार्थनागृहाच्या भिंती सांभाळून उभारलेलं हे मंदिर २०१६ मध्ये खुलं झालं. तिथे होणारा विवाह मरणानंतरही टिकतो, अशी त्यांची श्रद्धा आहे.

संसार एका घराच्या तळघरातल्या दोन खोल्यांत. तो पहाटे चारला विद्यापीठातले वर्ग झाडायला-पुसायला जातो. ती फिलिपिन्समध्ये मिशन करून आली, म्हणून नव्या मिशनऱ्यांच्या प्रशिक्षण केंद्रात तिथली टागालोग भाषा शिकवते. पगार हातात आला की आधी त्यातला दहावा हिस्सा चर्चला, मग भाडं. पदवीसाठी धर्मविषयक अभ्यासाचे १४ क्रेडिट लागतात, ते वेगळेच. मंगळवारी ११.०५ ला विद्यापीठात प्रवचन, रविवारी दोन तास चर्च, सोमवारची संध्याकाळ घरच्यांसाठी राखलेली. दारू, तंबाखू, चहा, कॉफी यांतलं काहीच नाही. पगारी पुरोहित नसतो. वॉर्डाचा, म्हणजे त्या भागातल्या चर्चमंडळीचा, प्रमुख बिशप दिवसभर स्वतःचा व्यवसाय सांभाळतो आणि बाकीची कामं सगळ्यांत वाटलेली असतात. तिच्याकडे काम होतं ते वॉर्डात बाळंतपण किंवा आजारपण असेल त्या घरी जेवण पोचवायची पाळी लावण्याचं.

घरात अन्नाचा साठा ठेवणं हा त्यांच्या शिकवणीचाच भाग आहे. आधी रोजच्या खाण्यातलं तीन महिन्यांचं, मग टिकाऊ धान्य. चर्चचा हिशेब माणशी महिन्याला २५ पौंड धान्य आणि ५ पौंड कडधान्य असा आहे. तळघरात जागा नाही, म्हणून गव्हाचे डबे पलंगाखाली. कोरड्या थंड जागी, हवा काढून बंद केलेला गहू आणि पांढरा तांदूळ तीस वर्षं टिकतो. हातसडीचा तांदूळ टिकत नाही, त्यातलं तेल काही महिन्यांत खवट होतं. हे सगळं त्या दोघांना तोंडपाठ होतं. साठ्याची त्यांची समज चांगल्या चांगल्या गृहिणींपेक्षा पक्की होती, हे इथे सांगायला हवं. पुढे जे निघालं ते आळसातून किंवा निष्काळजीपणातून आलेलं नव्हतं.

कॅनर आजीकडून आलेला. झाकण तपासणीच्या यंत्रावर चढवून हवा भरली. यंत्राचा खरा दाब १० पौंड, तेव्हा त्यांचा काटा १३ वर. काटा दोन पौंडांहून जास्त चुकला तर तो टाकायचा, असा नियम आहे. त्यातही काटा चढा दाखवत असेल तर धोका मोठा, कारण आपण १३ समजून गॅस कमी करतो आणि आत असतात १०. झाकणाचं रबरही वाळून चिरलेलं होतं. ते दाखवल्यावर ती सहज म्हणाली, “हो, कडेनं वाफ जात होती. म्हणून या वेळी फरसबी आजीच्या जुन्या पद्धतीनं केली, नुसत्या उकळत्या पाण्यात तीन तास. चौदाही बरण्यांची झाकणं टक्कन बसली.”

मी हातातलं झाकण बाजूला ठेवलं आणि त्या बरण्या कुठे आहेत ते विचारलं.

पीच, सफरचंद, लोणची ही आंबट असतात. ४.६ पेक्षा कमी पीएच असेल तिथे बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू वाढत नाही, म्हणून त्यांना उकळतं पाणी पुरतं. फरसबी, मका, गाजर, मांस आंबट नसतात. त्यांच्यासोबत मातीतून आलेले या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची चिवट सुप्त रूपं, मारायला ११६ अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता लागते आणि ती फक्त दाबाखालच्या वाफेत मिळते. प्रोव्हो समुद्रसपाटीपासून साधारण ४,५०० फुटांवर आहे. इथे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. तीन तास उकळा नाहीतर पाच, पाणी त्याहून तापत नाही. बाकीचे जंतू मरतात, हे बीजाणू राहतात. झाकण घट्ट बसलं म्हणजे आत हवा उरली नाही, आणि या जंतूला तेच हवं असतं. त्यामुळे टक्क आवाजावर भरवसा ठेवता येत नाही. वास, रंग, चव यांवरूनही काही कळत नाही. चाखून बघणं तर सर्वांत वाईट.

“पण आजीच्या घरी कधीच कुणी आजारी पडलं नाही,” ती म्हणाली. हा प्रश्न दर हंगामात येतो आणि तो रास्त आहे. प्रत्येक बरणीत विष तयार होतंच असं नाही, हे एक. दुसरं जास्त महत्त्वाचं: आजीच्या पिढीतल्या बायका बरणीतली भाजी पानात घेण्याआधी पुन्हा खदखदा उकळत. बीजाणू चिवट असले तरी त्यांनी सोडलेलं विष उकळण्यानं नष्ट होतं. समुद्रसपाटीला दहा मिनिटं आणि दर हजार फुटांना एक मिनिट वाढवायचं, म्हणजे इथे पंधरा. नातवंडांनी बरणी भरायची रीत उचलली, ती उघडल्यावर उकळायची सुटली. आता फरसबी थेट सॅलडमध्ये पडते.

अकरा बरण्या घरी होत्या. त्यातली एक त्याच संध्याकाळी मित्रमंडळींच्या जेवणासाठी काढून ठेवलेली. एक घरमालकीण आजींना दिलेली. दोन वॉर्डातल्या बाळंतिणीकडे. या लोकांचा साठा एका घरात राहत नाही, ही त्यांच्या धर्माची मला सर्वांत भावणारी गोष्ट, आणि त्या सकाळी काळजीचं कारणही तेच होतं. आदल्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार, उपासाचा. दोन वेळा अन्नपाणी वर्ज्य करून त्या जेवणाचे पैसे गरजूंसाठी द्यायचे आणि संध्याकाळी उपास सोडायचा. म्हणजे कुणी ना कुणी बरणी उघडलेली असण्याचा संभव मोठा.

मी त्यांना २०१५ ची ओहायोतली घटना सांगितली. एका चर्चच्या सहभोजनात घरी भरलेल्या बटाट्यांचं सॅलड होतं. बटाटे उकळत्या पाण्यातच भरलेले, दाबाखाली नव्हे. २९ जण आजारी पडले, एक दगावली. ऐकल्यावर दोघांनी खुर्चीतच हात बांधून, मान खाली घालून अर्धा मिनिट प्रार्थना केली. मग तिनं फोन काढला. वॉर्डातल्या जेवणाच्या पाळ्यांची यादी तिच्याकडेच असल्यानं कुणाचा नंबर शोधावा लागला नाही.

घरमालकीण आजींनी बरणी रविवारी संध्याकाळीच उघडली होती. मात्र बेकनचा तुकडा घालून अर्धा तास शिजवली होती, त्यांच्या आईसारखी. मी त्यांना पॉयझन कंट्रोलला, म्हणजे विषबाधेवर सल्ला देणाऱ्या केंद्राला, फोन करायला सांगितलं आणि लक्षणं समजावली: पापण्या जड होणं, दोन-दोन दिसणं, जीभ अडखळणं, गिळता न येणं, मग अशक्तपणा वरून खाली उतरत जाणं. ताप येत नाही, त्यामुळे लोक थकवा समजून झोपून राहतात. बहुधा १२ ते ३६ तासांत कळतं, पण दहा दिवसही लागू शकतात. यातलं एकही दिसलं तर थेट इस्पितळ, कारण प्रतिविष लवकर द्यावं लागतं. आजींना पुढे काही झालं नाही.

बाळंतिणीकडे एकच बरणी सापडली. दुसरी तिनं शेजारच्या ओरेम गावातल्या बहिणीला देऊन टाकली होती. बहिणीनं फोन उचलला तेव्हा पावणेबारा झाले होते, आणि फरसबीचं सॅलड कांदा-व्हिनेगर घालून टेबलावर मांडलेलं होतं. मुलं शाळेच्या सुट्टीमुळे घरीच. “व्हिनेगर घातलंय, चालेल ना?” तिनं विचारलं. चालत नाही. आंबटपणा जंतूला वाढू देत नाही, पण आधीच तयार झालेल्या विषाचं तो काही करू शकत नाही. कुणी घासही घेतला नव्हता.

टाकण्याचीही रीत असते. घट्ट बंद बरण्या उघडायच्या नाहीत. दोन पिशव्यांत घालून, बांधून, मुलांच्या आणि जनावरांच्या हाताला लागणार नाहीत अशा कचऱ्यात. उघडलेली बरणी, झाकण आणि ते सॅलड हातमोजे घालून मोठ्या पातेल्यात, वर इंचभर पाणी राहील असं बुडवून अर्धा तास उकळायचं, मग फेकायचं. ओटा आणि भांडी ब्लीचच्या पाण्यानं पुसायची. तो ओरेमला जाऊन स्वतः हे सगळं करून आला. २८ पौंड फरसबी गेली. विद्यार्थ्यांच्या घरात ते लहान नुकसान नाही, पण दोघांपैकी कुणी एक बरणीसुद्धा उकळून खाऊ असं म्हटलं नाही.

त्याच दिवशी दुपारी त्यांनी नवं रबर आणि त्या कॅनरला बसणारी वजनाची शिटी आणली. वजनाला दरवर्षीच्या तपासणीची गरज नसते. हजार फुटांच्या वर १५ पौंडांचं वजन लावायचं. चांगला काटा असता तर इथे १३ पौंड चालले असते. आपल्याकडच्या कुकरनं हे काम होत नाही. तो पटकन तापतो आणि पटकन निवतो, आणि वेळांची कोष्टकं त्याच्यासाठी केलेलीच नाहीत. अमेरिकेतल्या मराठी घरांतून ही विचारणा होते, म्हणून सांगून ठेवते.

शनिवारी मी त्यांच्याकडे गेले. चौदा पौंड फरसबी, साधारण लिटरच्या सात बरण्या. शेंगा धुऊन, टोकं काढून, कच्च्याच घट्ट भरल्या, बरणीला चमचाभर मीठ, वरून उकळतं पाणी, तोंडाशी एक इंच जागा मोकळी. काठ पुसून नवी झाकणं, कारण झाकण एकदाच वापरायचं. वरची रिंग बोटांच्या जोरानं. कॅनरमध्ये दोन-तीन इंच पाणी. झाकण लावल्यावर वजन न ठेवता दहा मिनिटं वाफ सुसाट जाऊ द्यायची. ही पायरी हमखास गाळली जाते. आत हवा अडकली तर दाब पुरेसा दिसतो, पण उष्णता पोचत नाही. मग वजन, आणि ते डुलायला लागल्यापासून २५ मिनिटं. मध्येच दाब उतरला तर घड्याळ पुन्हा शून्यापासून. एकदा त्याचा गॅस जास्त कमी झाला, वजन थांबलं, आणि त्यानं न सांगता पंचवीस मिनिटं नव्यानं धरली. नंतर गॅस बंद, कॅनर आपसूक निवू द्यायचा. पाणी ओतून निववला तर बरण्यांतलं पाणी बाहेर ओढलं जातं. दाब उतरल्यावर वजन काढून आणखी दहा मिनिटं थांबायचं, मग झाकण उघडायचं.

बरण्या टॉवेलवर निवायला ठेवताना तिनं मक्याचं विचारलं, पुढच्या आठवड्यात सासरहून पोतं येणार होतं. मक्याच्या दाण्यांना याच दाबावर लिटरच्या बरणीला ८५ मिनिटं लागतात. तिनं ते कॅनरसोबत ठेवायच्या कागदावर लिहून घेतलं, खाली उंची लिहिली, आणि बरणीसोबत द्यायच्या चिठ्ठीचा मजकूर विचारला: केव्हा भरली, किती दाबावर, किती वेळ.