आमचा की आपला?

मी हिशेबनीस. सांगलीहून माँट्रियल, आणि तिथून कंत्राटावर थेट कॅनडाच्या क्वेबेक प्रांताच्या उत्तरेला, क्री या मूळनिवासी लोकांच्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही. इनमिन नऊ-दहा गावं आहेत, नाव सांगितलं की माणसंही ओळखू येतील. काम होतं गावाचा स्वतःचा आर्थिक कारभाराचा कायदा लिहायला मदत करायचं. चेकवर कुणाच्या सह्या, किती रकमेपुढे निविदा, ऑडिट कधी. सहा महिन्यांत उरकेल असं मी लिहून दिलं. पंधरा लागले.

मुळात हा अधिकार फुकट मिळालेला नाही. 1971 मध्ये क्वेबेकने जेम्स बे भागातल्या नद्यांवर वीजप्रकल्प जाहीर केला, तेव्हा ज्यांच्या शिकारीच्या जमिनी बुडणार होत्या त्या क्रींना कुणी विचारलंही नव्हतं. ते कोर्टात गेले. नोव्हेंबर 1973 मध्ये न्यायमूर्ती माल्यूफ यांनी काम थांबवलं, आणि आठवडाभरात वरच्या कोर्टाने तो हुकूम बाजूला सारला. तरी सरकारला बोलणी करावी लागली. 1975 चा करार झाला, मग या गावांच्या कारभारासाठी 1984 चा कायदा आला आणि मूळनिवाशांवर ओटावाचा ताबा ठेवणारा जुना इंडियन ॲक्ट बराचसा मागे पडला. पण काही नियमांवर ओटावातल्या, म्हणजे केंद्राच्या, मंत्र्याचा हात राहिलाच होता. 2017 च्या करारानंतर, मार्च 2018 पासून तोही निघाला. मी पोचलो त्याच वर्षीच्या सप्टेंबरात.

पहिली मोठी चूक माझीच. ग्रामसभा मी मेच्या पहिल्या आठवड्यात लावली. बँड ऑफिसमधली (म्हणजे गावच्या कौन्सिलच्या कचेरीतली) क्लार्क मुलगी माझ्याकडे बघत राहिली, बोलली काहीच नाही. सभेच्या दिवशी हॉलमध्ये मी, वकील, कॉफीचं मोठं भांडं आणि चार-पाच माणसं. गूस ब्रेक! वसंतात रानहंस उत्तरेकडे निघतात तेव्हा शाळा बंद, ऑफिस बंद, अख्खं गाव रानातल्या कॅम्पवर. आमच्या आजोळी ग्रामसभेचा कोरम कधी भरत नसे, रजिस्टरवर सह्या मात्र घरोघरी फिरून भरत. इथे तसली पळवाट कुणी सुचवलीसुद्धा नाही. सभा जूनमध्ये पुन्हा लावली.

मसुदा इंग्रजीत, चर्चा क्रीमध्ये, शिवाय गावच्या रेडिओवरून थेट. दुभाषीबाई पहिल्याच कलमाला थांबल्या. ‘अवर मनी’, पण यातला ‘अवर’ कुठला? वकिलाला प्रश्नच कळेना. मला मात्र लगेच कळला. क्रीमध्ये ऐकणाऱ्यासकट असेल तर ‘चियानू’ आणि ऐकणाऱ्याला वगळून असेल तर ‘नियान’. म्हणजे आपले आपण आणि आम्ही! मी उठून वकिलाला समजावलं: पैसा कौन्सिलचा, की हॉलमध्ये बसलेल्या सगळ्यांचा? इंग्रजीत ते झाकलं जातं, इथे बोलायला तोंड उघडलं की ठरवावंच लागतं. त्या एका शब्दावर पाऊण तास गेला. शेवटी ‘आपला’ ठरला, आणि तो ठरल्याबरोबर मागून एकाने विचारलं, आपला आहे तर हिशेब वर्षातून एकदाच का दाखवता? कलम बदललं. तिमाही हिशेब, रेडिओवर वाचून.

खरी अडचण पुढेच होती. हितसंबंधाचं कलम मी दुसरीकडून उचललं होतं: नातेवाइकाचं कंत्राट चर्चेला आलं की सदस्याने बाहेर जायचं. पुढच्या रांगेतल्या एक कूकम, म्हणजे आजी (सगळं गाव त्यांना तेच म्हणतं), शांतपणे म्हणाल्या, “मग आत कोण राहील?” हॉल हसला. त्यांनी बोटावर मोजून दाखवलं, चीफ त्यांचा पुतण्या, दोन कौन्सिलर नातवंडं, उरलेले सुनेकडचे. भाऊबंदकी मला नवी नाही, पण हजार-बाराशेच्या गावात ती कलमात बसवणं वेगळं. वकील टक्केवारी सुचवत होता, आजी ऐकत नव्हत्या. लपवलेलं नातं वाईट, नातं नव्हे, एवढंच त्यांचं म्हणणं. तीन बैठका झाल्या. मग असं ठरलं: आईवडील, मुलं, सख्खी भावंडं, नवरा-बायको यांच्या बाबतीत बाहेर जायचं. बाकी नातं मोठ्याने सांगायचं, ते इतिवृत्तात लिहायचं आणि बसायचं. मला ते तेव्हा ढिलं वाटलं. वर्षभराची इतिवृत्तं वाचल्यावर तसं वाटत नाही. लोक चुलत-चुलत सासऱ्यापर्यंत सांगतात, लेखनिक वैतागतो.

मधे मूसच्या, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाच्या, शिकारीची सुट्टी आली, ती यावेळी मी कॅलेंडरवर आधीच लाल केली होती.

डिसेंबर 2019 मध्ये कायदा मंजूर झाला. कामांची यादी मी जुन्या फायलीवरून उतरवली होती. शेवटची ओळ होती ‘मंत्र्यांना पत्र’. क्लार्क मुलीने पेनाने त्यावर रेघ मारली, प्रत गावच्या रजिस्टरमध्ये लावली आणि मला विचारलं, हंसाचा रस्सा उरलाय, नेणार का?