हयातीचा दाखला

नोव्हेंबर म्हणजे आमच्या बँकेच्या नौपाड्याच्या शाखेत, आपण हयात आहोत हा दाखला द्यायला आलेल्या पेन्शनरांची रांग. त्या सकाळी रांगेत न थांबता एक काकू थेट माझ्या काउंटरशी आल्या. निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या. "माझा हयातीचा दाखला फोनवरच झाला. तुमच्याकडे नोंद आली का, बघ गं."

माझ्या पोटात गोळा आला. बँक स्वतः फोन करून असा दाखला घेत नाही.

मी त्यांचा मोबाइल मागितला. व्हॉट्सअ‍ॅपवर 'जीवन प्रमाण', म्हणजे सरकारच्या डिजिटल हयातीच्या दाखल्याच्या नावाने एक एपीके फाइल, म्हणजे थेट इन्स्टॉल होणारं अ‍ॅप, आली होती. ती इन्स्टॉल करून एसएमएस वाचायची परवानगीही देऊन झाली होती. आत एक फॉर्म, त्यात डेबिट कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे. "मी ओटीपी कुणालाच सांगितला नाही गं," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. खरंच सांगितला नव्हता. अ‍ॅपच एसएमएस वाचून तो पलीकडे पोहोचवत होतं. विश्वास का बसला, तर ती फाइल पाठवणाऱ्या फोनवाल्याला त्यांचं पूर्ण नाव, निवृत्तीची तारीख, पीपीओ (पेन्शन आदेशाचा) नंबर, सगळं आधीच ठाऊक होतं. अशा वेळी भल्याभल्यांना तो बँकेतलाच माणूस वाटेल.

11 वाजून 4 मिनिटांनी 49 हजार गेले होते. 11 वाजून 17 मिनिटांनी पुन्हा तेवढेच.

मी फोन फ्लाइट मोडवर टाकला, कार्ड ब्लॉक केलं. 1930, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर, लावायला घेतला तर काकूंनी माझा हात धरला. "पोलीस नको. मुलाला कळेल." तीन-चार मिनिटं तिथेच गेली. मला राग येतो तो याचा. घरोघरी आपण "एवढंही कळत नाही का?" म्हणतो, मग माणसं गप्प बसतात, आणि तेवढ्या वेळात पैसे दोन-तीन खाती फिरून एटीएममधून निघतात.

त्यांच्या तक्रार अर्जावर मी आधी वेळ घातली, 11:26. कारण माहिती ग्राहकाने स्वतः दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच, असं रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक सांगत होतं. मग व्यवहारांचे नंबर वाचून 1930 वर तक्रार नोंदवली. संध्याकाळी कळलं, दुसरे 49 हजार पुढच्या खात्यात गोठवले गेले. पहिले हाती लागले नाहीत.

मुलाला फोन काकूंनीच केला, माझ्यासमोर बसून. मग हयातीच्या रजिस्टरवर सही केली. हात थरथरत होता, सही नमुन्याशी जुळेना. पाणी दिलं, थोडं थांबलो आणि पुन्हा करून घेतली.