टकळी

आत्याच्या फ्लॅटचं बक्षीसपत्र करायचं होतं. वकिलाकडून मसुदा आला, अर्थात इंग्रजीत. तिचं नाव, वय ६८, आणि पुढे स्वल्पविराम देऊन 'स्पिन्स्टर'. आत्याने चष्मा कपाळावर चढवला.

"हे काय गं? माझा धंदा लिहिलाय का?"

"धंदा नाही गं. लग्न न झालेली."

पण तिची शंका अगदी बरोबर होती. स्पिन्स्टर म्हणजे मुळात सूत कातणारी. धंद्याचंच नाव ते. पुढे विलायतेत सरकारी कागदांवर ते बिनलग्नाच्या बाईच्या नावामागे लागायला लागलं, आणि मग त्याला जो कुजका वास चिकटला तो कायमचा.

"शाळेत टकळीवर कातलं होतं," आत्या म्हणाली. "पेळू सारखा तुटायचा. बाई ओरडायच्या." मग एकदम, "आणि मी बी.एस्सी. ना? म्हणजे बॅचलर ऑफ सायन्स. विद्यापीठ म्हणतं बॅचलर, वकील म्हणतो स्पिन्स्टर. एक काय ते ठरवा म्हणावं."

इंग्रजीत ही जोडपी एकाच घरात वाढतात आणि त्यातल्या बाईचंच काहीतरी बिनसतं. मास्टर मालकच राहिला, मिस्ट्रेस मात्र ठेवलेली बाई झाली. गव्हर्नर राजभवनात, गव्हर्नेस दुसऱ्यांची पोरं सांभाळायला. विझर्ड म्हटलं तर कौतुक, विच म्हटलं तर शिवी. सगळ्यात वाईट गत 'हाउसवाइफ'ची. बोलण्यात झिजून झिजून त्याचा 'हझी' झाला आणि अर्थ झाला उठवळ बाई. घर सांभाळता सांभाळता!

मिस आणि मिसेस ही दोन्ही त्या मिस्ट्रेसचीच लेकरं. मिस्टर बघून लग्नाचा पत्ता लागत नाही, बाईचा मात्र पहिल्याच अक्षरात. त्यावर 'मिझ' हा तोडगा अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या एका वर्तमानपत्रात 1901 साली छापून आला होता. न्यूयॉर्क टाइम्सने तो आपल्या पानांत घेतला 1986 साली. (आपणही फार हसू नये. एका 'श्री.'मध्ये पुरुषाचा जन्म निघतो; आपल्याला कु., सौ., गं. भा. अशी स्टेशनं घेत जावं लागतं.)

इंग्लंडने 2005 च्या शेवटी लग्नाच्या नोंदींतून स्पिन्स्टर आणि बॅचलर दोन्ही काढले. आता सरसकट 'सिंगल'. हे मी वकिलांना फोनवर ऐकवलं. "मॅडम, आमचा फॉरमॅटच तसा आहे," ते म्हणाले. त्याच फॉरमॅटमधला बाबांचा जुना कागद मी कपाटातून काढला. नावापुढे फक्त 'सज्ञान, भारतीय रहिवासी'. लग्न झालंय की नाही, एक अक्षर नाही.

आत्याने दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. मग शिसपेन्सिलीने 'स्पिन्स्टर'वर काट मारली आणि समासात नीट अक्षरात लिहिलं, 'बी.एस्सी.'

"टकळी मी सातवीतच सोडली," ती म्हणाली. "चहा टाक."