पुढच्या सीटवर कोण होतं?

वेल्समधल्या मॅक लूपमध्ये, म्हणजे खालून उडण्याच्या सरावाच्या दऱ्यांमध्ये, आपण वर असतो आणि लढाऊ जेट खाली. डोंगरउतारावर उभं राहायचं. जमिनीपासून २५० फुटांवरून दरी कापत जाणारं विमान नजरेच्याही खालून निघून जातं. बहुतेक उड्डाणं सोमवार ते शुक्रवार, तरी रविवारी मंडळी घामाघूम होत चढून येतात आणि मेंढ्यांचे फोटो काढून परततात.

त्या दिवशी कॅड वेस्ट या तिथल्या उतारावर मी एका मासिकासाठी उभा होतो. विषय : आरएएफ व्हॅली या ब्रिटिश हवाई दलाच्या तळावरच्या ४ आणि २५ स्क्वाड्रन. टायफून किंवा एफ-३५ ही लढाऊ विमानं हाती येण्याआधी वैमानिक इथे हॉक टी२ या दोन आसनी प्रशिक्षण जेटवर घडतात.

हॉकला चकचकीत काळा रंग देतात तो दुरून उठून दिसावा म्हणून. फोटोग्राफरला तोच रंग छळतो. काळं विमान, मागे गर्द उतार. कॅमेऱ्याच्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरवर सोडलं की तो सगळं उजळवतो, काळ्याचा राखाडी होतो आणि कॅनपीवरचं, म्हणजे कॉकपिटच्या काचेवरचं, ढगाचं प्रतिबिंब पांढरंफेक जळतं. म्हणून मी गवतावर एक्स्पोजर मोजून मॅन्युअलवर ठेवतो आणि ऊन बदललं तरच हात लावतो. शटर १/१२५०. विमान सेकंदाला दोनशेहून जास्त मीटर जातं, त्याच्यासोबत कंबरेतून वळावं लागतं. धडाधड फ्रेम मारणारे नवे कॅमेरे आल्यापासून हे वळणं कुणी शिकतच नाही.

एक हॉक कलून वळणात शिरलं. एका फ्रेममध्ये पुढच्या सीटवरचं हेल्मेट वळणाच्या दिशेला. पुढच्याच फ्रेममध्ये मान खाली, कॉकपिटमध्ये. ही दुसरी फ्रेम सुईसारखी टोकदार.

मासिकाच्या संपादकीय डेस्कला तीच हवी होती, ‘शिकाऊ वैमानिकाचं लक्ष कुठे?’ अशा ओळीसह. ऑफिसात बसून मथळे सुचणं सोपं असतं. मी नाही म्हणालो. बाहेर बघणं, मग कॉकपिटमधल्या उपकरणांवर झरकन नजर, पुन्हा बाहेर, हेच तर तिथे शिकवतात. शिवाय शिकणारा सहसा पुढे आणि प्रशिक्षक मागे बसतो हे खरं, पण प्रशिक्षकांचीही आपसातली उड्डाणं होतात. काळ्या व्हायझरमागे कोण, हे फोटो कसं सांगणार?

शेवटी आधीची फ्रेम छापली, शेपटी किंचित हललेली. टोकदार फ्रेम माझ्याकडेच आहे. फोटो म्हणून तीच सरस, आणि तिच्याखाली कोणती ओळ लिहावी हे मला अजून सुचलेलं नाही.