फॉन्ट विचारायचा राहिला

शनिवार पेठेतल्या काकू दुकानात आल्या तेव्हा लॅपटॉप कापडी पिशवीत होता आणि त्याच्यावर चिवड्याचा डबा. २०२५ ची दिवाळी नुकतीच उरकली होती. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला, आणि त्यानंतरचे काही आठवडे पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान असलेल्या आम्हा सगळ्यांचं एकच काम चालू होतं: जुनी मशिन्स विंडोज ११ वर न्यायची. काकूंच्या स्क्रीनवरही ती सूचना रोज यायची. परदेशातल्या पुतण्यानं फोनवर घाबरवलं होतं ते वेगळंच.

"सगळं पुसून नवं कोरं करून दे," काकू म्हणाल्या. "फक्त माझं कुलवृत्तांताचं काम जाता कामा नये. वीस वर्षांचं आहे."

मी म्हणालो, "डेटाची काळजी करू नका." हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणतो.

मशीन आठव्या पिढीच्या आय-फाइव्हचं, म्हणजे विंडोज ११ च्या यादीत बसणारं. अकराला लागणारं टीपीएम, म्हणजे सुरक्षेची चिप, प्रोसेसरमध्येच होतं, बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद होतं, ते चालू केलं. अडचण डिस्कची होती. आधी कुणीतरी जुन्या लेगसी पद्धतीनं विंडोज टाकलेलं, त्यामुळे डिस्कवरची विभागांची नोंद जुन्या एमबीआर पद्धतीची. अकराला यूईएफआय ही मशीन सुरू करायची नवी पद्धत हवी, म्हणजे डिस्कही नव्या जीपीटी नोंदीची हवी. डेटा न हलवता हे बदलणारं एमबीआर-टू-जीपीटी नावाचं साधन विंडोजमध्येच आहे, पण डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन, म्हणजे मुख्य विभाग, असतील तर ते काम करत नाही. काकूंच्या डिस्कवर चार होती. एक रिकामं करून मोडलं असतं तर तिथेच भागलं असतं, जुन्या विंडोजवरच अकरा चढवता आलं असतं आणि ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण मशीनमध्ये दोन-दोन अँटीव्हायरस, कसले कसले टूलबार, सुरू व्हायला सहा मिनिटं. मला वाटलं, स्वच्छच करू.

फिरत्या डिस्कऐवजी चिपवर चालणारी एसएसडी घ्या म्हणूनही सुचवलं होतं. "ही डिस्क चालतेय ना? मग?" या प्रश्नाला पेठेत उत्तर नसतं. त्यांनी नवी घेतली असती तर जुनी डिस्क आपोआपच जशीच्या तशी माझ्या खणात राहिली असती, हे मला दुसऱ्या दिवशी रात्री आठवलं.

बॅकअप मी नीट घेतला. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स, फोटो, अख्खा डी ड्राइव्ह, ब्राउझरचे बुकमार्कसुद्धा. मग बाहेरच्या डिस्कवरच्या चार-पाच फाइली उघडून बघितल्या. वंशावळीचं एक पान उघडलं, मूळ पुरुष, त्याचे तीन मुलगे, सगळं दिसलं. समाधान झालं. या तपासणीत काय चुकलं ते वाचणाऱ्यांपैकी काहींच्या लक्षात आलंही असेल: फाइली बाहेरच्या डिस्कवरच्या होत्या, पण उघडल्या काकूंच्याच लॅपटॉपवर.

पेनड्राइव्ह लावला, सेटअप सुरू झाल्यावर शिफ्ट आणि एफ-१० दाबून काळी खिडकी काढली, तिच्यात डिस्कपार्ट, डिस्कचे विभाग पाडायचं साधन. इथे हात आवरायचा असतो, कारण यादीत पेनड्राइव्हही दिसतो आणि आकडा चुकला तर भलतीच डिस्क साफ होते. आकार बघितला, एक टीबीची निवडली, 'क्लीन' म्हटलं. एका क्षणात सगळं गेलं. मग जीपीटी, मग विंडोज. फिरत्या डिस्कवर विंडोज ११ म्हणजे मधल्या वेळात दोनदा चहा होतो.

संध्याकाळी काकू आल्या. डेटा परत भरला होता. त्यांनी चष्मा लावला, पहिलं प्रकरण उघडलं आणि माझ्याकडे बघितलं.

"हे काय रे?"

पानभर इंग्रजी अक्षरांचा भुसा. जिथे 'गोत्र' असायला हवं तिथे एक्स, के, एस आणि बरोबरचं चिन्ह. जिथे 'मराठी', तिथे ई, जे, के, मोठा बी, एच. काकूंना वाटलं व्हायरस. मला मात्र हायसं वाटलं, कारण ही अक्षरं मी ओळखतो. हा कृतिदेव फॉन्ट. टायपिंगच्या क्लासला गेलेल्या माणसाला हे वाचतासुद्धा येतं.

ज्यांनी हा काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. भारतीय भाषा कॉम्प्युटरवर आणणारी सी-डॅक ही सरकारी संस्था तर १९८८ पासून आपल्या पुण्यातच. तरीही डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायच्या, धंद्यात वर्षानुवर्षं चाललं ते हेच: फाइलमध्ये साठवायचं इंग्रजी अक्षर आणि फॉन्टमध्ये त्या अक्षराच्या जागी काढायचा मराठी तुकडा. 'के' दाबलं की काना. 'एफ' दाबलं की ऱ्हस्व वेलांटी, तीही व्यंजनाच्या आधी, कारण कागदावर ती आधी दिसते. म्हणजे फाइलीत मराठी नसतंच. मराठी असतं फॉन्टमध्ये. आणि फॉन्ट असतो सी ड्राइव्हवर विंडोजच्या फोल्डरात, जिथे डेटा शोधायला कुणी जात नाही.

कृतिदेव माझ्याकडे होताच. टाकला. पण पान तसंच राहिलं. वर्डमध्ये फॉन्ट मशीनवर नसला तरी त्याचं नाव चौकटीत दिसतं. तिथे नाव होतं 'कुल टू'. असा फॉन्ट मी कधी ऐकला नव्हता. अख्खी फाइल निवडून फॉन्ट बदलून कृतिदेव केला, आणि पानावर गोत्र आलं, मूळ पुरुष आला, कोकणातली गावं आली. काकूंनी सुस्कारा सोडला. मी लॅपटॉप पिशवीत भरायला घेतला.

"थांब," त्या म्हणाल्या. चौथ्या पिढीवर त्यांचं बोट होतं. "याच्यापुढे हे 'द्ध' कशाला आलंय?"

नावापुढे एक सुटं जोडाक्षर होतं. मला वाटलं, टायपिंगची चूक. पुढच्या पानावर अशी आणखी चार. कुठे जोडाक्षर, कुठे रिकामी चौकट.

मग त्यांनी सांगितलं. पहिली आवृत्ती २००६ ला निघाली, नारायण पेठेतल्या एका डीटीपीवाल्यांकडून. ट्रेसिंग पेपरवर प्रिंट काढून प्लेटा करायचे तो काळ. त्या गृहस्थांनी कृतिदेवच्या सांगाड्यात बसवून कुलमंडळासाठी खास फॉन्ट केला होता. दत्तक गेलेल्यापुढे छोटं पान, निपुत्रिकापुढे पोकळ वर्तुळ, लहानपणी वारलेल्यापुढे तुटकी रेघ, गाव सोडून गेलेल्यापुढे बाण. अशी नऊ चिन्हं. गृहस्थ आता हयात नाहीत, दुकानाच्या जागी मोबाइल कव्हरं मिळतात. काकूंचा जुना कॉम्प्युटर भंगारात गेला, तेव्हा कुणीतरी फॉन्ट या लॅपटॉपवर आणून टाकला होता. एकुलती एक प्रत. ती मी दुपारी साडेबाराला पुसली होती.

मराठी सगळं बरोबर दिसत होतं आणि तरी चारशे नोंदींत कोण सख्खा, कोण दत्तक, ते कळत नव्हतं. पूर्ण भुसा दिसत होता तेव्हा निदान काहीतरी बिघडलंय हे तरी उघड होतं.

काकू चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "तू मला विचारलंस ना, डेटा कुठे आहे म्हणून," एवढंच म्हणाल्या. "फॉन्ट म्हणजे डेटा असतो हे मला कसं कळणार?"

मी लॅपटॉप तिथल्या तिथे बंद केला. चालू ठेवला की अकरा आपले अपडेट उतरवत बसतं आणि प्रत्येक अपडेट जुन्या जागेवर जाऊन बसू शकतं. डिस्क काढली, यूएसबीच्या डब्यात घातली, दुकानातल्या मशीनला लावली.

इथे माझ्या आळसाचा उपयोग झाला. नुसतं 'क्लीन' म्हटलं की डिस्कपार्ट फक्त पार्टिशनची नोंद पुसतं. 'क्लीन ऑल' म्हटलं तर एकेका सेक्टरवर शून्यं लिहितं, त्याला तास लागतात, म्हणून मी ते करत नाही. शिवाय डिस्क फिरती होती. एसएसडी असती तर फॉरमॅट करतानाच विंडोजनं ट्रिमचा, म्हणजे जुनी जागा मोकळी करून टाक असा, आदेश दिला असता आणि मग शोधायला काही उरलंच नसतं. काकूंच्या चिकटपणाबद्दल मी मनात जे बोललो होतो ते निम्मं परत घेतलं.

टेस्टडिस्क या हरवलेली पार्टिशनं शोधायच्या साधनाला जुनी पार्टिशनं दिसली, पण सी ड्राइव्हची फाइलींची यादी नव्या विंडोजखाली दबली होती. नावानं शोधणं संपलं. मग फोटोरेक. नावात फोटो असला तरी हे साधन फाइलीच्या पहिल्या काही बाइटांवरून ती कसली आहे ते ओळखतं आणि पुढचा मजकूर उचलतं. ट्रूटाइप फॉन्ट सुरू होतो तो शून्य, एक, शून्य, शून्य या चार बाइटांनी. फक्त तेवढेच शोधायला सांगितलं आणि शटर अर्धं ओढून बसलो. एक टीबी वाचायला रात्र गेली. बायकोचा फोन आला, तिला म्हटलं, एका काकूंचे पूर्वज शोधतोय.

सकाळी हजारावर फाइली होत्या, सगळ्या बिननावाच्या, नुसते आकडे. जुन्या विंडोजचे फॉन्ट, नव्या विंडोजचे फॉन्ट, त्यांच्याच तीन-तीन प्रती. असे हौशी फॉन्ट आकारानं छोटे असतात, म्हणून मोठे बाजूला काढले. साठेक उरले. एकेकावर डबल क्लिक. विंडोज नमुन्याला इंग्रजीतली सगळी अक्षरं येणारं एक वाक्य दाखवते. कृतिदेव पद्धतीच्या फॉन्टमध्ये ते वाक्य म्हणजे देवनागरीची अशी खिचडी दिसते की डोळा तिथेच थांबतो. एकेचाळिसावी फाइल अशी निघाली. वर नाव होतं 'कुल टू'. उघडली, पण अर्धी. पुढची अक्षरं काळे ठोकळे. फाइलीचा मधला भाग कशानं तरी झाकला गेला होता.

बावन्नावी फाइल 'कुल वन'. आधीची आवृत्ती, पूर्ण शाबूत. तिच्यात चिन्हं सातच.

काकू अकराला आल्या, हातात २००६ चं छापील पुस्तक. सातही चिन्हं आपापल्या जागी बसली. पानं परत दिसायला लागल्यावर काकू दत्तक गेलेल्यांची नावं मोठ्यानं वाचत होत्या, हजेरी घ्यावी तशी. आठवं चिन्ह पुस्तकावरून लागलं. फाइलीत ज्या नावांपुढे चौकट होती, त्या नावांपुढे छापलेल्या पानावर दोन छोट्या कड्या होत्या: दुसरं लग्न.

नववं पुस्तकात नव्हतंच. दुसऱ्या आवृत्तीसाठी ते नंतर घातलं होतं आणि फक्त पाच नोंदींत होतं. पाचही बायकांच्या. नाव, माहेरचं आडनाव, लग्नाचं साल, आणि चौकट. पुढे काही नाही.

मी विचारलं, "मंडळातल्या कुणाला फोन करून बघता का?"

काकू बराच वेळ त्या पाच नावांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "आठवलं मला. मंडळाच्या बैठकीत पुरुषांनी ठरवलं होतं. नांदल्या नाहीत त्यांच्यासाठी. शब्दात छापायला लाज वाटते, म्हणून चिन्ह."

मी म्हणालो, पुन्हा काढून देतो, फॉन्टमध्ये एक आकार बसवायला फार वेळ लागत नाही.

"नको."

एवढं झाल्यावर सगळं युनिकोडमध्ये न्यायचं आणि चिन्हांच्या जागी शब्दच लिहायचे, 'दत्तक' तर 'दत्तक', असं आमचं ठरलं. रूपांतर करताना वेलांट्या आणि रफार जागा सोडतात, त्या काकू घरी बसून तपासतील. बाकी सगळं मग करू म्हणाल्या, पण त्या पाच नोंदी त्यांनी तिथेच, माझ्या टेबलाशी बसून उघडल्या. कर्सर चौकटीशी नेला आणि डिलीट दाबलं. पाच वेळा.

मग पर्स उघडली. "विंडोजचे किती झाले? रात्रीचे मागू नकोस. तू पुसलंस, तूच आणलंस."