मावळतीकडे वाहणारी सावित्री

रायगड आणि रत्नागिरीच्या सीमेवर राहणाऱ्यांना सावित्री हे नाव दोन ठिकाणी हटकून भेटते, एकदा खाडीवर आणि एकदा ज्येष्ठी पौर्णिमेला वडाखाली. या नावाचा अर्थ विचारला तर बहुतेकांकडून ‘पतिव्रता’ एवढेच उत्तर येते. ते चुकीचे म्हणता येणार नाही, पण फार तोकडे आहे, असे मला वाटत आले आहे.

सावित्री म्हणजे सवितृ, अर्थात सविता, या देवाची. सवितृ हा शब्द ‘सू’ या धातूपासून आला असून, चालना देणारा, कामाला लावणारा असा त्याचा अर्थ होतो. वेदांचे भाष्यकार सायणाचार्य यांनी तर उगवण्यापूर्वीचा सूर्य तो सविता आणि उगवल्यानंतरचा तो सूर्य, असा भेदच सांगितला आहे. हा भेद कोकणात राहणाऱ्याला वेगळा समजावून द्यावा लागत नाही. आमच्याकडे सूर्य सह्याद्रीच्या आडून येतो. त्याचे बिंब डोंगरावर दिसेपर्यंत खळ्यात सडा पडलेला असतो, होड्या बंदराला लागून मासळीचा लिलाव रंगात आलेला असतो आणि दिवा कधीच मालवलेला असतो. सूर्य दिसत नाही, पण सगळे कामाला लागलेले असतात. किनाऱ्यावरची सकाळ ही बरीचशी सवित्याचीच सकाळ असते.

ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातील विश्वामित्राच्या ज्या ऋचेला आपण गायत्री मंत्र म्हणतो, तिचे देवतेवरून पडलेले नाव सावित्री. गायत्री हे छंदाचे नाव. एका ऋचेच्या या दोन नावांना पुराणांनी मात्र सवती करून टाकले. महाबळेश्वरची कथा अशी सांगतात की, ब्रह्मदेवाच्या यज्ञाला सावित्रीला यायला उशीर झाला, तेव्हा मुहूर्त टळू नये म्हणून गायत्रीला शेजारी बसवून कार्य उरकण्यात आले. सावित्रीने येऊन पाहिले आणि देवांना ‘नद्या व्हा’ असा शाप दिला. विष्णू कृष्णा झाला, शंकर वेण्णा आणि ब्रह्मदेव कोयना. तिघेही देशावर गेले. सावित्री तेवढी पश्चिमेला वळली आणि पोलादपूर, महाडवरून बाणकोटच्या खाडीत आली. म्हणजे नवऱ्याकडे पाठ फिरवून कोकणात उतरलेली ही बाई, आणि तिच्याच काठच्या सुवासिनी तिच्या नावाचे व्रत करून जन्मोजन्मी हाच नवरा मागतात! त्या पूजेच्या श्लोकात तिला ‘सर्वदा प्रियभाषिणी’ म्हटले आहे. ती यज्ञमंडपात काय बोलली असेल, याचा विचार श्लोककर्त्याने बहुधा केला नसावा.

वटपौर्णिमेची सावित्री महाभारताच्या वनपर्वातली. मद्र देशाच्या अश्वपती राजाने सावित्री मंत्राने आहुती देऊन देवी प्रसन्न केली, म्हणून मुलीला तेच नाव ठेवले. ही मुलगी रथात बसून स्वतः वर शोधायला निघते, त्याला वर्षभराचेच आयुष्य आहे असे नारदाने सांगितल्यावरही निवड बदलत नाही, आणि यमाच्या मागोमाग चालताना ‘सात पावले बरोबर चालले की मैत्री होते’ असे म्हणून त्याला बोलण्यात गुंतवते. सासऱ्यांची दृष्टी, सासऱ्यांचे राज्य, वडिलांना पुत्र असे एकेक पदरात पाडून घेत ती स्वतःसाठी शंभर पुत्र मागते. यम ‘तथास्तु’ म्हणून बसतो आणि मग सत्यवानाला सोडण्यावाचून त्याला गत्यंतर उरत नाही. या बाईला नुसते पतिव्रता म्हणून मोकळे होणे म्हणजे निष्णात वकिलाच्या अक्षराची तेवढी तारीफ करण्यासारखे आहे. वडाखाली आंबा, करवंदे, जांभळे आणि फणसाच्या गऱ्याचे वाण देताना ही कथा वाचली जाते खरी, पण सारे लक्ष बहुधा आभाळाकडे असते, कारण पाऊस नुकताच सुरू झालेला असतो आणि सूत भिजत असते.

आमच्या आजीचे नाव सावित्री होते, पण ते तिला सासरी मिळालेले. लग्नात ताम्हणातल्या तांदळांवर अंगठीने ते लिहिले गेले आणि माहेरची द्वारकी त्या दिवसापुरती संपली. घरातल्या पितळी घागरीच्या गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी ‘सौ. सावित्री’ असे घातलेले आहे; ‘त्र’ला जागा पुरली नाही म्हणून कासाराने तो वर चढवला आहे. माहेरहून आलेल्या तांब्यावर मात्र ‘द्वारका’ तसेच राहिले.

या नावाला तिसरा अर्थ मिळाला तो सावित्रीबाई फुल्यांमुळे. 3 जानेवारीला, त्यांच्या जन्मदिवशी, शाळांमध्ये मुलींचा उल्लेख ‘सावित्रीच्या लेकी’ असा होतो. 1848 साली पुण्यात मुलींची शाळा सुरू करून दगडशेण झेललेल्या या बाईंना ‘चालना देणारी’ हा धात्वर्थ जितका शोभतो, तितका क्वचितच कुणाला शोभला असेल.

हल्ली बारशांमध्ये ‘सावी’ हे नाव पुष्कळ ऐकू येते. दोन अक्षरी, सुटसुटीत आणि परदेशातही उच्चारायला सोपे, असे आईवडील सांगतात. परवा शेजारच्या बारशाला मला मत विचारण्यात आले, तेव्हा दाखल्यावर सावित्री घाला आणि हाक खुशाल सावी मारा, असे मी सुचवले. मुलीच्या वडिलांना ते जुनाट वाटले. मुलीच्या आत्याने, जिचा या बाबतीत पहिला मान, पाळण्यात कानाशी काय सांगितले ते कुणालाच ऐकू आले नाही, आणि दाखल्याचा अर्ज अजून भरायचा आहे.