तुम्ही विचारलंत म्हणून: ‘तिथे’ करंट?

“मॅडम, तिथे करंट द्यायचा?” मी पेल्विक फ्लोअरची, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंची फिजिओथेरपी करते. योनिमुखाच्या जुनाट दुखण्यासाठी टेन्सचं, म्हणजे सौम्य करंट देऊन दुखणं कमी करणारं मशीन सुचवलं, की हा प्रश्न ठरलेला.

हो, तिथेच. गुडघ्याला, कंबरेला लावतात तोच हा प्रकार, फक्त प्रोब (करंट देणारी कांडी) वेगळा आणि तो ज्याचा त्याचा. शॉक बसत नाही, मुंग्या आल्यासारखं वाटतं. दुखलं तर जोर जास्त झालाय, लगेच सांगायचं.

तीन महिन्यांहून जास्त काळ खाली आग होते, टोचतं, स्कूटरवर बसवत नाही, संबंध नकोसे होतात आणि तपासणीत कारण काहीच सापडत नाही, त्याला व्हल्व्होडायनिया म्हणतात. माझ्यापर्यंत येणाऱ्या बहुतेकींच्या पिशवीत बुरशीच्या मलमांच्या अर्ध्यामुर्ध्या ट्यूबा आणि नॉर्मल रिपोर्टांची चळत असते. कापसाची काडी नुसती टेकवली तरी कळ उठते, पण जखम कुठेच नाही. मज्जातंतूच अतिजागे झालेले असतात. तिथे मलम काय करणार?

ठेच लागली की आपण अंगठा चोळतो. स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेची वाट अडवतात, ही कल्पना मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडली. टेन्स तेच चोळणं विजेने करतं. इटलीतल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये अशा ४० जणींवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना खरा करंट, बाकीच्यांना नुसता देखावा. आठवड्यातून दोनदा, एकूण २० वेळा. खऱ्या करंटवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं. प्रयोग लहानच, पण ते २० लक्षात ठेवा. दोन-तीनदा येऊन “फरक नाही” म्हणणार असाल, तर पैसे घालवू नका.

शिवाय एकटं मशीन मी देत नाही. दुखण्याच्या धास्तीने खालचे स्नायू आवळून बसलेले असतात. ते सैल करायला शिकावं लागतं. व्हिडिओ बघून कीगल (हेच स्नायू आवळायचा व्यायाम) करत असाल तर आजच थांबवा, आवळलेलं आणखी आवळतं.

घोट्याजवळ सुई लावून किंवा माकडहाडाच्या वर यंत्र बसवूनही मज्जातंतूंना उत्तेजन देतात, पण ते मुख्यतः लघवीच्या तक्रारींसाठी. या दुखण्यात त्यांचा पुरावा तोकडा आहे. यंत्र बसवण्याची घाई मी तरी करणार नाही.

पेसमेकर असेल किंवा दिवस गेले असतील, तर मशीन लावण्याआधी सांगा.